भिंतीला धडकल्यावर काय होतं? लहानग्यांसाठी ऑनलाइन भूलभुलैया निवडताना आणि खेळताना

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना मी तिच्यासमोर टॅबवर भूलभुलैयाचा पहिला खेळ उघडला. एका कोपऱ्यात ससा, दुसऱ्या कोपऱ्यात गाजर, मधे भिंतींचं जाळं. तिने सशावर बोट ठेवलं आणि सगळ्या भिंती ओलांडून थेट गाजरावर नेलं. ससा जागचा हलला नाही. "बिघडलाय," असं म्हणून ती उठून गेली.

बिघडलं काहीच नव्हतं. कागदावरच्या किंवा पडद्यावरच्या रेघेला 'भिंत' म्हणायचं आणि ती ओलांडायची नाही, हा मोठ्यांनी ठरवलेला संकेत आहे. तो मी तिला सांगितलाच नव्हता. तेव्हापासून मी बरेच असले खेळ पाहिले, काही ठेवले, बरेच काढून टाकले. तीन ते सात वर्षांच्या मुलांना हा खेळ पहिल्यांदा दाखवायचा असेल, तर पुढच्या क्रमाने गेल्यास बरीच रडारड वाचेल.

सुरुवात कागदावर

पडद्याआधी कागद. जाड मार्करने दोन समांतर रेघा काढा, मधे मुलाची दोन बोटं मावतील एवढी जागा ठेवा. हा रस्ता. त्याला एक वळण द्या, मग दोन-तीन द्या. मुलाने बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, रेघेला लागायचं नाही. इथे निवड कुठेच नाही, फक्त रस्त्यावर राहायचं. हे जमलं की एक फाटा काढा, आणि त्यातली एक वाट बंद करून टाका.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवा. इंग्रजीत तर त्यांना नावंही वेगळी आहेत. एकच वळणावळणाची वाट असते तो 'लॅबिरिंथ'. फाटे आणि बंद गल्ल्या असतात तो 'मेझ'. आपण दोन्हीला भूलभुलैयाच म्हणतो. इंटरनेटवर शोधताना 'मेझ' हा शब्द वापरला की बहुतेक लहान मुलांचे खेळ सापडतात. 'लॅबिरिंथ' टाकलंत तर तबकडी तिरकी करून गोळी घरंगळवायचे खेळ जास्त येतात, आणि ते चार वर्षांच्या हातांना झेपत नाहीत.

कागदावर दोन-तीन दिवस गेले तरी जाऊ द्या. या वयात अडचण बहुधा डोक्याची नसते, हाताची असते. वाट दिसते, पण बोट तिथे थांबत नाही. पडद्यावर ही अडचण दुप्पट होते.

निवडताना पहिला प्रश्न भिंतीचा

खेळाचं चित्र किती गोड आहे, गाणं कसं आहे, हे नंतर. आधी मुद्दाम भिंतीला धडकून बघा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

काही खेळांत पात्र भिंतीपाशी नुसतं थांबतं. तुम्ही दुसरी दिशा दिलीत की पुढे निघतं. लहान मुलांसाठी हाच प्रकार. चुकीची शिक्षा एवढीच की पुढे जाता येत नाही, आणि ती मुलाला लगेच कळते.

काही खेळांत भिंतीला स्पर्श झाला की पात्र थेट सुरुवातीला परततं. हा कसोटीचा खेळ आहे, पण हाताच्या स्थिरतेचा. वाट शोधण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. चार वर्षांचं मूल नव्वद टक्के वाट बरोबर चालून शेवटच्या वळणावर बोट थरथरल्यामुळे मागे फेकलं जातं. त्याला वाटतं, आपण निवडलेली वाट चुकली. पुढच्या वेळी ते मुद्दाम दुसऱ्या वाटेने जातं! म्हणजे खेळ त्याला चुकीचा धडा देतो. सात वर्षांपर्यंत असले खेळ मी दूरच ठेवते.

तिसऱ्या प्रकारात जीव जातो: तीन हृदयं असतात, एकेक कमी होतं. याबद्दल मी जास्त लिहीत नाही. नको.

यानंतर पात्र हलवायचं कसं ते बघा. बोटाने ओढत नेणं सर्वांत सोपं वाटतं, पण त्यात एक गोम आहे: मुलाचं बोटच वाट झाकतं. म्हणून रस्ता रुंद हवा. कीबोर्डवरच्या बाणांनी एका दाबाला एक घर सरकणारा खेळ पाच वर्षांच्या आसपासच्या मुलाला छान जमतो, कारण प्रत्येक पावलाला विचार करायला सवड मिळते. दाबून धरलं की पात्र सुसाट पळत सुटतं असे खेळ टाळा. लॅपटॉपच्या टचपॅडवर ओढायचा खेळ तर मोठ्यांनाही वैताग आणतो. माउस जोडा किंवा टॅब घ्या.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. काही खेळांत 'वर' दाबलं की पात्र पडद्यावर वर जातं. काहींत मात्र 'डावीकडे' दाबलं की पात्र त्याच्या स्वतःच्या डावीकडे वळतं. पात्राचं तोंड खाली असेल तर त्याची डावी बाजू आपल्याला उजवीकडे दिसते. हे डोक्यात फिरवून बघणं पाच वर्षांच्या मुलाला अवघड जातं, आणि खरं सांगायचं तर मलाही खुर्चीत अर्धं वळून बघावं लागतं. सुरुवातीला पहिला प्रकारच निवडा.

संपूर्ण भूलभुलैया वरून एका नजरेत दिसायला हवा. पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे त्रिमितीय बोगदे, किंवा पात्राभोवतीचा लहानसा गोल तेवढा उजळलेला आणि बाकी काळोख, हे सगळं नंतरचं. काळोखाचं काही मुलांना भयच वाटतं.

घड्याळ आणि पाठलाग करणारी भुतंही नकोत. १९८० साली आलेला पॅक-मॅन भूलभुलैयातच घडतो, पण त्यात वाट शोधायचीच नसते, पळायचं असतं. मजा आहे, वयही आहे, फक्त तो वेगळा खेळ आहे.

आधी तुम्ही खेळा, आणि शेवटपर्यंत खेळा

'शेवटपर्यंत' हा शब्द मी उगाच घातलेला नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंटरनेटवर एक कुप्रसिद्ध भूलभुलैया फिरत होता. साधा ठिपका, साधी वाट, भिंतीला न लागता जायचं. पहिल्या पातळ्या सरळ सोप्या. पुढे वाट इतकी अरुंद होते की माणूस पडद्याच्या अगदी जवळ वाकतो, आणि त्याच क्षणी किंकाळीसकट एक भयंकर चेहरा पडदाभर येतो. त्याच्या नकला आजही 'मेझ गेम' शोधल्यावर समोर येऊ शकतात. पहिल्या दोन पातळ्या बघून "चांगला आहे" असं ठरवणाऱ्या पालकाला हे कळणारच नाही. नावात 'स्केअरी' असेल तर सोपं. नसेल तर शेवटची पातळी गाठल्याशिवाय इलाज नाही.

खेळताना एवढं बघून ठेवा: दोन पातळ्यांच्या मधे जाहिरात येते का, आणि आली तर बंद करायची फुली मुलाच्या बोटाला सापडण्याजोगी आहे का. मोठ्ठं हिरवं 'प्ले' बटण खरं खेळाचं आहे की जाहिरातीचं. पान सूचना पाठवायची, मायक्रोफोनची किंवा ठिकाणाची परवानगी मागतं का. भूलभुलैयाला यातलं काहीच लागत नाही, त्यामुळे मागितली की पान बंद करा. नाव, वय, ई-मेल मागणाऱ्या खेळाचंही तेच.

जुन्या शिफारशींवरून एखादा खेळ उघडलात आणि नुसता राखाडी चौकोन दिसला, तर तुमचं काही चुकलेलं नाही. असले जुने खेळ 'फ्लॅश' नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचे. ॲडोबी या कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला आधार देणं थांबवलं आणि ब्राउझरमधले हजारो छोटे खेळ त्यासोबत गेले. 'फ्लॅश डाउनलोड करा' असं सांगणाऱ्या बटणाला तर मुळीच हात लावू नका.

जाहिरातींचा त्रासच नको असेल तर जीकॉम्प्री हा मोफत, मुक्तस्रोत संच बघा. तो एकदा उतरवून घ्यावा लागतो, मग इंटरनेट बंद असलं तरी चालतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी बनवलेल्या त्यातल्या खेळांत भूलभुलैये तीन प्रकारचे आहेत: साधा, पात्राच्या दिशेने वळायचा, आणि अदृश्य भिंतींचा. हाच क्रम ठेवा. अदृश्य भिंतींच्या खेळात थोडा वेळ भिंती दाखवून पुन्हा लपवता येतात, आणि आठवणीवर चालायची गंमत सहा-सात वर्षांच्या मुलांना फार आवडते.

पडदा तयार करणं

संगणकावर खेळ उघडला, बाण दाबला, आणि पात्र हलायच्या ऐवजी अख्खं पानच वरखाली सरकलं? खेळाच्या चौकटीत माउसने एकदा क्लिक करा. ब्राउझरला कळतं की बाण खेळासाठी आहेत. तरीही पान सरकत असेल तर खेळातलं पूर्ण पडद्याचं बटण वापरा. चौकट लहान असेल तर कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की पान मोठं होतं.

टॅबवर दोन नेहमीचे घोटाळे होतात. पहिला, मूल लिहिताना टेकवतं तसा तळहात काचेवर टेकवतं. टॅबला दोन स्पर्श जाणवतात आणि पात्र अडतं. टॅब मांडीवर न देता टेबलावर थोडा तिरपा ठेवा, तळहात आपोआप उचलला जातो. दुसरा, बोट कडेपर्यंत गेलं की खेळ बंद होऊन भलतंच काही उघडतं. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय सुरक्षेच्या सेटिंगमध्ये असते, आणि आयपॅड-आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली 'गाइडेड ॲक्सेस'. ते चालू केलं की मूल त्या एका ॲपबाहेर जात नाही. गाइडेड ॲक्सेसमध्ये पडद्याचा एखादा भाग बोटाने घेरून निकामीही करता येतो. मी जाहिरातीची पट्टी अशीच गप्प केली आहे.

सूचना बंद करा, आवाज कमी ठेवा. सुरुवात हिरवी आणि शेवट लाल एवढाच फरक असलेला खेळ असेल, आणि मूल सारखं गोंधळत असेल, तर त्याला ते दोन रंग सारखेच दिसत नाहीत ना, हेही मनात असू द्या. आकार किंवा चित्रं वेगळी असलेला खेळ घेतलेला बरा.

पहिला डाव

बोट लावायचं नाही, आधी डोळ्यांनी चालायचं. "ससा कुठाय? जायचं कुठे? पहिला फाटा कुठे येतो?" एवढे तीन प्रश्न पुरे. मग हवेत, पडद्याला न लावता बोट फिरवायचं. मग खरं.

मूल चुकीच्या गल्लीत वळलं की तुमचा हात पुढे जाईल. तो मांडीखाली दाबून बसा. मी शब्दशः तसं करते. गल्ली बंद आहे हे त्याला स्वतः पोहोचल्यावर कळू द्या. दोन-चार सेकंदांचा प्रश्न असतो. त्यावर "अगं बाई, इथे तर भिंत!" एवढं म्हटलं की पुरतं. "चुकलीस" म्हणायचं नाही, कारण बंद गल्ली तपासून आलेलं मूल काहीतरी शोधूनच आलेलं असतं: आता तिकडे जायचं नाही, हे नक्की झालं.

सोबत बोलत राहा: वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, मागे फिर, पुढच्या वळणावर. तुम्ही पडद्याकडे पाठ करायची, मुलाने पडदा बघून तुम्हाला सूचना द्यायच्या आणि तुम्ही मुकाट तसंच जायचं, हा उलटा डाव महिनाभराने खेळून बघा. "तिकडे!" या शब्दाचा उपयोग शून्य आहे, हे मुलाला पहिल्यांदाच जाणवतं.

सोडवलेला भूलभुलैया लगेच पुन्हा खेळायचा हट्ट मुलं धरतात. धरू द्या. १९५० मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 'थिसियस' नावाचा एक यांत्रिक उंदीर बनवला होता. पाच गुणिले पाच चौकोनांच्या भूलभुलैयात तो आधी धडका घेत, चाचपडत वाट शोधायचा; दुसऱ्या वेळी ठेवला की न चुकता थेट जायचा. वाट फोन-यंत्रणेतल्या रिले स्विचांत साठलेली असायची. मूल दुसऱ्या फेरीत नेमकं तेच करतं, आणि ती झरझर जाण्याची ऐट त्याला हवी असते.

अडकल्यावर

उत्तर सांगण्याऐवजी युक्ती सांगा. एका वेळी एकच.

सर्वांत सोपी: गाजरापासून उलटं निघा. हाताने काढलेल्या भूलभुलैयांत फसव्या गल्ल्या बहुधा सुरुवातीकडून जाणाऱ्याला फसवायला ठेवलेल्या असतात, शेवटाकडून येताना त्या आडव्या येत नाहीत.

दुसरी माझी आवडती. पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, चित्र रंगवायच्या ॲपमध्ये उघडा आणि मुलाला सांगा, जिथे जिथे गल्ली तीन बाजूंनी बंद दिसते तिथून मागच्या फाट्यापर्यंत रंग भर. रंगवल्यावर काही नव्या गल्ल्या बंद होतात, त्याही रंगवायच्या. शेवटी पांढरी उरते तीच वाट. वाट शोधायचीच नाही, वाट नसलेलं सगळं पुसून टाकायचं! पाच वर्षांच्या मुलाला हे जादूसारखं वाटतं.

तिसरी म्हणजे भिंतीवर हात. उजवा हात उजवीकडच्या भिंतीवर ठेवलाय असं समजायचं आणि तो न उचलता चालत राहायचं. आत येण्याचं आणि बाहेर पडण्याचं दार दोन्ही बाहेरच्या भिंतीत असतील तर या युक्तीने बाहेर पडताच येतं, लांबून का होईना. खजिना मधोमध असेल आणि त्याभोवतीच्या भिंती बाहेरच्या भिंतीला कुठेच जोडलेल्या नसतील, तर मात्र माणूस गोल फिरून सुरुवातीला येतो. हे आधी माहीत असू द्या, नाहीतर युक्ती सांगणाऱ्याचीच फजिती होते. माझी झाली आहे.

पुढच्या पायऱ्या

वयापेक्षा फाटे मोजा. उभ्या-आडव्या पाच-पाच घरांचा भूलभुलैया मूल तुमच्याकडे न बघता सोडवू लागलं की सात-आठ घरांचा, मग दहाचा. पातळी आपोआप वाढवणारे खेळ एकदम उडी मारतात. मागे जायची सोय आहे का बघा, आणि मागे जाण्यात कमीपणा नाही असं तुमच्या चेहऱ्यावरही दिसू द्या.

पुढचं वळण म्हणजे आधी सगळ्या सूचना रचून मग पात्राला सोडणं. गूगलने सुरू केलेल्या ब्लॉकली गेम्स या खेळसंचात दहा पातळ्यांचा एक भूलभुलैया आहे: 'पुढे जा', 'वळ' असे ठोकळे जोडायचे आणि चालवायचं. इथे ती पात्राच्या डाव्या-उजव्याची भानगड परत येते. खेळण्यातली गाडी टेबलावर घेऊन वळवत बसलं की सुटते. सहाच्या आत याच्या वाटेला जाऊ नका, आणि वाचता येत नसेल तर शेजारी बसावंच लागेल.

वेळेबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडदा बघण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितकं चांगलं. त्याहून लहानांसाठी पडदा नकोच. भूलभुलैया या तासातच मोजायचा. "पाच मिनिटं राहिली" हे मुलाला कळत नाही, "अजून दोन भूलभुलैये" कळतं. दोन झाले की मूल स्वतः पान बंद करतं. निदान दहातल्या सहा वेळा.

स्वतःचा भूलभुलैया

आठ वर्षांच्या पुढच्या मुलासोबत, किंवा धाकट्याला मांडीवर घेऊन तुम्ही स्वतः, स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून खेळ बनवायच्या मुलांच्या प्रोग्राममध्ये, असा खेळ तासाभरात करू शकता. पार्श्वभूमीवर एकाच रंगाने जाड भिंती काढा. एक पात्र घ्या आणि त्याचा आकार रस्त्याच्या निम्म्याएवढा करा. रस्त्यापेक्षा पात्र मोठं ठेवणं ही पहिल्यांदा करणाऱ्यांची हमखास चूक. उजवा बाण दाबला की एक्स (पात्राची आडवी जागा) ५ ने वाढव; भिंतीच्या रंगाला स्पर्श झाला तर एक्स ५ ने कमी कर. डावीकडे याच्या उलट, वर-खाली जाताना एक्सच्या जागी वाय (उभी जागा). पात्र भिंतीतून आरपार जात असेल तर रंग नजरेने न निवडता ड्रॉपरच्या (थेंब टाकायच्या नळीच्या) चिन्हाने भिंतीवरूनच उचला, दोन छटांत फरक पडलेला असतो. शेवटी गाजर ठेवा आणि त्याला स्पर्श झाला की टाळ्या वाजवा. झालं.

संगणकाशिवायही जमतं. चौकटीच्या वहीत पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस घरं पेन्सिलीने काढा, सगळ्या भिंती बंद. कुठल्याही घरातून निघा, शेजारच्या न पाहिलेल्या घराची भिंत खोडरबराने पुसा, तिथे जा. असंच पुढे. चारही बाजूंची घरं बघून झालेली असतील तर आल्या वाटेने मागे या आणि जिथे न पाहिलेलं घर मिळेल तिथून परत सुरू करा. सगळी घरं संपली की दोन कोपऱ्यांत बाहेरची दारं पाडा. कुठल्याही दोन घरांमध्ये एकच वाट असलेला भूलभुलैया तयार होतो. भूलभुलैये आपोआप बनवणारे पुष्कळ संगणक-प्रोग्राम हेच करतात. आतल्या पुसलेल्या भिंती मोजल्या तर बरोब्बर २४ भरतात, घरांपेक्षा एक कमी, कुठूनही सुरुवात केली तरी.

मुलीने काढलेल्या पहिल्या भूलभुलैयात मी बराच वेळ बोट फिरवत बसले, बाहेर पडायची वाटच सापडेना. ती शेजारी तोंडावर हात ठेवून हसत होती. शेवटी भिंती मोजल्या, तर २२ च पुसलेल्या. उरलेल्या दोन पुसायला तिने परवानगी दिली: एक मी निवडायची, एक तिने.